उपरण्याखालचा भाव

सांगलीच्या पेठेत मी तोलार म्हणून लागलो तेव्हा मला पहिला धडा मिळाला तो असा, की आपण तराजूकडं बघायचं, उपरण्याकडं बघायचं नाही. तराजू चारचौघांसमोर टांगलेला असायचा. त्यात पासंग कुणी काढावा म्हटलं तर निघायचा नाही. भाव मात्र उपरण्याखाली ठरायचा.

ज्यांनी ही रीत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ओळीनं मांडले की अडत्या गादीवर बसून मांडीवर उपरणं पसरायचा. एकेक खरेदीदार पुढं येऊन त्या उपरण्याखाली हात घालायचा आणि अडत्याची बोटं धरायचा. कधी एक बोट दाबायचं, कधी चार, कधी सगळा पंजा. ती बोटं म्हणजे भाव. वर तोंडानं दोघं पाऊसपाण्याच्या नाहीतर पोरीच्या लग्नाच्या गप्पा मारत असायचे. सगळ्यांचं झालं की अडत्या गूळ आणलेल्या शेतकऱ्याचा हात उपरण्याखाली ओढायचा, आलेला चढा भाव त्याच्या बोटांना सांगायचा, आणि शेतकऱ्यानं मान हलवली की सौदा पक्का. भर दुपारी मिशीवाले बापय एकमेकांचे हात फडक्याखाली धरून बसलेत, हे परक्या मुलखातल्या माणसानं पाहिलं असतं तर त्याला काय वाटलं असतं देव जाणे. आम्हांला काही वाटायचं नाही.

ही रीत कशासाठी, असं मी नवा असताना एकदा विचारलं होतं. एकजण म्हणाला, एकाचा भाव दुसऱ्याला कळू नये म्हणून. दुसरा म्हणाला, मालाला दृष्ट लागू नये म्हणून. तिसरा म्हणाला, पेशव्यांच्या वेळेपासून आहे. पेशवे केव्हाच गेले, पण त्यांची बोटं आमच्या पेठेत राहिली ती राहिलीच. मग मीही विचारायचं सोडलं. पोटाला मिळत असलं की माणसाला फार प्रश्न पडत नाहीत.

आमचे अडते आदगोंडा अण्णा. जैन माणूस, पाणी गाळून प्यायचा, मुंगी दिसली तर धोतर वर धरून चालायचा. मापात गुंजभर इकडंतिकडं झालेलं त्यांना खपत नसे. पेठेत सरळ माणसं मोजकी होती, त्यांत अण्णांचा नंबर वर लागला असता. पण रीत म्हणजे रीत. देवानं उद्या सांगितलं असतं की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर अण्णांनी विचारलं असतं की आजवर तसं चालत आलंय का.

सातारा जिल्ह्यातनं, कृष्णाकाठच्या गावांतनं आमच्याकडं बराच गूळ यायचा. त्यात दादासो नावाचा एक गडी दर हंगामाला दोन घरांचा गूळ आणायचा, स्वतःचा आणि भावाचा. भाऊ जोतीराम पलटणीत होता. लढाई सुरू झाल्यापासून तो आफ्रिकेत कुठल्याशा वाळवंटात होता, आणि इकडं त्याचं शेत त्याची बायको मनुबाई करत होती. दादासोला पेठेत मान फार. खरेदीदार तर त्याच्यावर खूषच. कारण अण्णांनी उपरण्याखाली पहिलं बोट दाबायचा अवकाश, की दादासोची मान हललीच. घासाघीस नाही, कुरकुर नाही. दिलदार माणूस, असं सगळे म्हणायचे आणि त्याला पान द्यायचे. तोही मिशीला पीळ भरून ते खायचा.

त्या साली संक्रांत नुकतीच झाली होती. दुपारी गुळाची बैलगाडी येऊन दुकानापुढं थांबली, तर हाकणारा धुळा म्हणून त्यांचा गडी, आणि गुळावर बसलेली मनुबाई. दादासोचा पत्ता नाही. बाई तिशीची असेल. खाली उतरली, पदर खोचला आणि धुळ्याबरोबर स्वतः रवे उतरवायला लागली. मी पाणी दिलं आणि दादासो कुठं म्हणून विचारलं. तिनं जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो.

दोन वर्षं दादासो गूळ विकून आला की तिच्यापुढं पैसे ठेवायचा आणि म्हणायचा, भावच नाही. या भावात दोन घरांच्या दोन बैलजोड्या, दोन गडी परवडायचे नाहीत. जोतीराम येईतोवर शेत माझ्याकडं द्या, मी एकत्र कसतो, तुमी घरी बसून खावा. बोलायचा तो चांगल्या मनानं. गावातल्या शहाण्यासुरत्यांनीही हेच सांगितलं होतं, आणि पाडव्याला शेताचा ताबा द्यायचा असं जवळजवळ ठरलंही होतं. पण बाईच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. ऊस तिनं लावला, पाणी तिनं पाजलं, गुऱ्हाळावर रात्री जागली ती. हे सगळं डोळ्यांनी दिसलं होतं. फक्त भाव तेवढा दिसला नव्हता. मग शेत द्यायच्या आधी एकदा तो भाव कुठनं येतो ते बघून यावं, असं तिनं ठरवलं. दादासो शेजारच्या गावी लग्नाला गेलेला बघून तिनं गाडी जुंपली.

आमच्या पेठेत बायका नव्हत्या असं नाही. पोती शिवायला बायका, सांडलेला गूळ झाडायला बायका, डोईवरनं ओझी न्यायला बायका. पण सौद्याला बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती. तरी अण्णांनी गूळ मोडून पाहिला, जिभेवर ठेवला, आणि मनापासून म्हणाले की रंग झकास उतरलाय. खरेदीदार जमले. अण्णांनी उपरणं पसरलं. आधी जयपालशेठ बसले, ते गुजरातच्या व्यापारी पेढ्यांसाठी माल घ्यायचे. मग चिपळूणकडचा एक जाडजूड खरेदीदार बसला. मग आणखी दोघे. बोटं झाली, गप्पा झाल्या. आणि मग अण्णांनी सवयीनं शेतकऱ्याचा हात धरायला हात पुढं केला आणि समोर बघितलं.

समोर बांगड्या.

अण्णांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागं घेतला. परक्या बाईचा हात फडक्याखाली धरायचा म्हणजे पेठेत राहायचं की नाही हा प्रश्न. आणि हाताशिवाय सौदा होत नाही.

मग अक्कल पाजळायला सुरुवात झाली. कुणी म्हणालं, गड्याचा हात घ्या. हे ऐकताच धुळ्यानं दोन्ही हात काखेत घातले आणि तो बैलांना पाणी दाखवायला म्हणून जो गेला तो गेलाच. कुणी म्हणालं, बाईनं हाताला फडकं गुंडाळावं. फडक्याखाली फडकं. कुणी म्हणालं, अण्णांनी बाईला बहीण मानावं, म्हणजे दोष नाही. जयपालशेठ म्हणाले, माल ठेवून जा, दादासोला पाठवा, चार दिवसांनी बघू. शिकलेले, व्यवहारी, चार मुलखांत पाणी प्यालेले हे लोक. पण बाईला भाव सांगायचा कसा हे कोडं त्यांना सुटेना.

मनुबाई सगळं ऐकत रव्यावर हात ठेवून उभी होती. शेवटी म्हणाली, "आवं अण्णा, हात कशाला पायजे? तोंडानं सांगा की."

पेठेत शिव्या रोज ऐकू यायच्या, त्यांचं कुणाला काही नव्हतं. पण हे ऐकून मात्र लोक दचकले. अण्णा म्हणाले, तोंडानं कसं सांगायचं बाई, सगळ्यांना कळेल.

"कळू दे की," ती म्हणाली. "गूळ काय चोरीचा हाय?"

अण्णांच्या कपाळावर घाम आला. माणूस वाईट नव्हता, बाईला माघारी पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि रीत मोडायचंही. मग त्यांना एकदम तोड सुचली. दुकानाच्या मागंच त्यांचं घर. त्यांनी आत हाक मारून बायकोला बोलावलं. बाईचा हात बाईनं धरायला काय हरकत? अण्णा भाव बायकोच्या बोटांना सांगणार, बायको मनुबाईच्या बोटांना सांगणार. रीतही राहिली, अब्रूही राहिली. पेठेनं माना डोलावल्या.

गुणमालाक्का आल्या त्या पिठाचे हात घेऊन, कपाळाला आठ्या घालून. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचं असतं, आणि थंडीचा दिवस म्हणजे बघता बघता कलणारा. चुलीवर भाकऱ्या, आणि नवरा म्हणतोय गादीवर येऊन बस. बसल्या. अण्णांनी उपरण्याखाली त्यांचा हात धरला.

आता बघा गंमत. दोन बापयांनी एकमेकांचे हात धरले तर पेठेला काही वाटत नव्हतं. पण नवऱ्यानं स्वतःच्या लग्नाच्या बायकोचा हात चारचौघांत धरला आणि अर्ध्या पेठेनं लाजून मान फिरवली. जयपालशेठ आढ्याकडं बघायला लागले. अण्णांचे कान लाल झाले. गुणमालाक्का मात्र नुसत्या वैतागल्या होत्या.

"ह्ये काय दाबताय?" त्या म्हणाल्या.

अण्णांनी हळूच काहीतरी कानाशी सांगितलं.

"दोन बोटं म्हंजे? रुपये का आणे?"

अण्णा म्हणाले, हळू. त्यांनी परत दाबलं. अक्कांनी परत विचारलं, मनगट धरलं ते कशाचं? अण्णांनी परत कानात सांगितलं. अक्कांचा जीव सगळा भाकरीत. त्यांनी उपरण्यातनं हात ओढून घेतला, मनुबाईकडं वळल्या आणि स्वयंपाकघरातनं परड्यात हाक मारावी त्या आवाजात म्हणाल्या, "बाई, चिपळूणवाला गेल्या सालच्या भावावर मणाला दोन आणे म्हणतोय. द्यायचा का?"

इतक्या वर्षांत पेठेत भाव पहिल्यांदाच हवेत आला होता. अण्णांनी डोळे मिटले. आणि तेवढ्यात जयपालशेठ, जे आढ्याकडं बघत होते, ते खाली बघून म्हणाले, "दोनच आणे? हे ठाऊक असतं तर मी चार म्हटलं असतं."

"मंग म्हणा की," मनुबाई म्हणाली.

जयपालशेठ म्हणाले, चार. चिपळूणवाला म्हणाला, सहा. जयपालशेठ म्हणाले, ह्याला गुळातलं काय कळतंय, आठ. मागच्या दोघांतला एक, जो एरवी तोंडातनं शब्द काढत नसे, तो म्हणाला, दहा. सकाळपर्यंत एका पानाच्या डब्यातनं खाणारे हे भाऊबंद असे भांडायला लागले की पलीकडच्या दुकानातले हमाल काम टाकून बघायला आले. गुणमालाक्का भाकऱ्या विसरल्या. मांडी ठोकून बसल्या आणि अजून कुणाला काय म्हणायचंय, म्हणून बोट रोखून एकेकाला विचारायला लागल्या. मला इतका आनंद तोलारकीच्या साऱ्या जन्मात झाला नव्हता. शेवटी गूळ चिपळूणवाल्याला गेला, आणि ज्या भावाला गेला तो दादासो दर साली घरी न्यायचा त्याच्या कितीतरी वर होता. मनुबाईनं मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ती रव्याशेजारी खाली बसली. दोन वर्षं भाव नाही म्हणून तिनं शेताचा ताबा द्यायचं कबूल केलं होतं, आणि भाव इथं सगळ्यांच्या तोंडात बसून होता.

मी काटा लावत होतो तेवढ्यात दादासो आला. लग्नात कुणीतरी त्याला सांगितलं असणार. गावच्याच केरबाचा गूळ सांगलीला निघाला होता, त्या गाडीत बसून तो आला होता. फेटा विसकटलेला, तोंड लाल. आल्या आल्या मनुबाईला म्हणाला की वयनी, भर पेठेत माझी अब्रू घालवली. मनुबाई उठली. तिनं आवाज चढवला नाही. आज गूळ काय भावानं गेला ते तिनं सांगितलं. मग म्हणाली, "भावजी, गेल्या साली बी ह्योच ऊस, ह्योच गुळव्या. वरचं कुठं गेलं?"

दादासोनं अण्णांकडं बघितलं, जयपालशेठकडं बघितलं, जमलेल्या शेतकऱ्यांकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "खाल्लं. मी खाल्लं."

लोकांत कुजबूज झाली आणि लोक जरा सैलही झाले. चोर सापडला की माणसाला बरं वाटतं, सगळ्याचा उलगडा झाल्यासारखं होतं. मनुबाईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. ज्या दिरानं तिच्या दारात नवऱ्यामागं उभं राहायचं त्यानंच खावं, याचं तिला फार लागलं. तसं ती बोललीही. दर साली तुमी आला की पयली भाकरी तुमाला वाढली, म्हणाली.

पण आदगोंडा अण्णांना खोटं सहन व्हायचं नाही, मग ते दुसऱ्यानं स्वतःच्या माथ्यावर ओढून घेतलेलं का असेना. ते गादीवरनं उठून म्हणाले की हे खरं नाही. गेल्या साली सौदा ज्या भावानं झाला तो मला पाठ आहे, आणि त्यांनी तो सांगितला. मनुबाईला दादासोनं घरी हाच भाव सांगितला होता, याच भावाचे पैसे तिच्या हातात दिले होते. त्याच्या आदल्या सालीही तसंच. पैचाही फरक नव्हता.

"मंग तुमी खाल्लं काय?" मनुबाईनं विचारलं.

दादासो पहिलवान माणूस, पण पोरासारखा अण्णांच्या उपरण्याकडं बघायला लागला. गुणमालाक्कांनी विचारलं की चढा भाव मागायचं सोडून पहिल्या बोटालाच हां का म्हणायचास बाबा? मग दादासो अगदी हळू म्हणाला, "मला त्ये बोटांचं कळत न्हाई, वयनी. कवाच कळलं न्हाई."

"आन मान हलवत हुता?"

"समदीच हलवत हुती."

"इचारायचं तरी कुणाला."

"कुणाला इचारू? समद्यांस्नी येत हुतं."

मनुबाई म्हणाली, "मला वाटलं, तुमी चोर."

"त्येच बरं हुतं," दादासो म्हणाला.

एरवी आमच्या पेठेत कुणी शेणात घसरून पडला तरी तीन दिवस हसू पुरायचं. त्या वेळी कुणी हसलं नाही. चोराला पेठेत तोंड दाखवता येतं, चोर निदान हुशार तरी असतो. मिशी ठेवलेल्या येड्यानं कुठं जावं? मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, कारण त्याच्या एका मानेपायी एक बाई शेतातनं उठणार होती. पण आला नाही.

मनुबाईनं डोळे पुसले. म्हणाली की शेत मी देत न्हाई, पाडव्याला न्हाई आन पुढं बी न्हाई. तुमचं तुमी करा, माझं मी करीन. पण उद्या तुमचा बी गूळ घिऊन या, म्हणाली, मी संगं येते. तुमी नुसतं हुबं ऱ्हावा, इचारायचं काम माझं. दादासोनं आधी मान हलवली, मग थांबला, आणि तोंडानं व्हय म्हणाला.

पाठीमागं केरबाचे रवे मांडून झाले होते. केरबा म्हणजे माझ्याही आधीपासून पेठेत येणारा, तालमीत पोरांना घडवणारा, गावकीत शब्दाला वजन असलेला माणूस. खरेदीदार पुन्हा बसले, बोटं झाली, आणि अण्णांनी उपरणं सारखं करून केरबापुढं हात केला. केरबानं आपले हात मागं बांधले.

"अण्णा," तो घसा खाकरून म्हणाला, "मला बी जरा मोठ्यानं सांगा."

अण्णांना वाटलं, बाईचा चढा भाव बघून ह्यालाही हाव सुटली. तसं ते म्हणालेही. केरबा म्हणाला, तसं न्हाई. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "रुपये सांगता का आणे, त्येच मला आजवर कळलं न्हाई."

अण्णा त्याच्या मागं बघायला लागले. मागं गूळ घेऊन आलेले दहा-पंधरा शेतकरी उभे होते, कुणी मिरजेकडचा, कुणी तासगावकडचा, सगळे फेटेवाले, सगळे वर्षानुवर्षं अण्णांच्या गादीवर बसून मान हलवून गेलेले. अण्णांनी एकेकाच्या डोळ्यांकडं बघितलं. एकानं चप्पल बघितली, दुसऱ्यानं बैल बघितले, तिसरा उगीच खोकला. अण्णांच्या मांडीवरनं उपरणं घसरलं ते त्यांनी उचललं नाही. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला गुंजभर फसवलं नव्हतं, तो पांढरा पडला होता.

"म्हंजे," ते बायकोला म्हणाले, "मी इतकी वर्सं कुणाशी बोलत हुतो?"

गुणमालाक्का उठता उठता म्हणाल्या की त्ये जेवताना बघू, आधी त्या माणसाला त्येचा भाव सांगा.